यंत्राला भाषा शिकवणाऱ्या हॉपरबाई



संगणक म्हटलं की पुष्कळांना वाटतं, हे फार हुशार आणि इंग्रजी येणाऱ्या माणसांचं काम. एकेकाळी ते खरोखरच मोजक्या माणसांचं काम होतं. ते तसंच राहू नये म्हणून एका गणिताच्या बाईंनी आयुष्यभर खटपट केली. त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. लहानपणी त्यांना वस्तू खोलून बघायचा भारी नाद. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला त्यांनी एक घड्याळ खोललं. ते परत जुळेना, म्हणून दुसरं खोललं. असं करता करता घरातली सात घड्याळं सुटी झाली! आईच्या ध्यानात आल्यावर तिनं एकच घड्याळ त्यांच्यासाठी ठेवलं. नाद मात्र मोडला नाही.

वासर कॉलेजातून १९२८ साली त्या पदवीधर झाल्या आणि १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. झाल्या. वासरमध्येच त्या गणित शिकवू लागल्या. दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा १९४३ साली त्यांनी नौदलात नाव घातलं. वजन नियमापेक्षा कमी भरलं, पण खास परवानगी काढून त्या भरती झाल्याच.

नौदलाने त्यांना १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात मार्क-वन या यंत्रावर पाठवलं. हे यंत्र ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच होतं. म्हणजे आपल्या वर्गात मावणारच नाही! त्याला हुकूम द्यायचा तर कागदाच्या पट्टीवर भोकं पाडावी लागत. कुठलं भोक कुठं, हे चुकलं की उत्तर चुकलं.

तिथं हॉपरबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. एकदा जमलेलं गणित पुन्हा लागलं की माणसं एकमेकांच्या वहीतून ते उतरून घेत. उतरवताना एखादा आकडा चुके. आपलं नाही का होत, फळ्यावरचं बरोबर आणि वहीतलं चूक? बाईंनी विचार केला, न कंटाळता उतरून घेणं आणि बेरीज करणं हे तर यंत्राचंच काम. मग ते माणसानं का करायचं?

पुढे त्या युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. १९५२ साली त्यांचा ए-झिरो नावाचा कंपायलर तयार झाला. तयार तुकडे टेपवर ठेवलेले असत. कुठला तुकडा पाहिजे ते सांगितलं की संगणक स्वतःच तो शोधून जागच्या जागी जोडी. लोकांचा विश्वास बसेना. संगणक फक्त हिशेब करतो, प्रोग्रॅम लिहिण्याचं काम त्याला कसं जमेल, असं जाणती माणसंसुद्धा म्हणत. बाईंनी वाद घालत न बसता काम चालूच ठेवलं.

त्यानंतर त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांत हुकूम देता येईल अशी फ्लो-मॅटिक ही भाषा केली. एकदा त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालतो हे दाखवलं. बघणारी साहेबमंडळी चक्रावून गेली. अमेरिकेतल्या यंत्राला फ्रेंच कसं कळणार? पण खरी गोष्ट अशी, की यंत्राला इंग्रजीसुद्धा येत नाही! त्याला फक्त आकडे कळतात. मधला दुभाषी सगळं काम करतो. तो दुभाषी म्हणजेच कंपायलर.

१९५९ साली अनेकांनी मिळून कोबोल ही भाषा ठरवली. तिचा पाया बराचसा बाईंच्या फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवला गेला.

हे कसं जमलं? आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत कारखाना काढला. तिथं लोखंडी नांगर होऊ लागले. नांगर करायचा तर साचा, भट्टी, लेथ पाहिजे. नांगर चालायला रान पाहिजे. संगणकाची भाषा म्हणजे नांगर. प्रोग्रॅम लिहायची सोय, तयार तुकड्यांचा साठा, चूक शोधायची सोय आणि कंपायलर ही झाली कारखान्यातली हत्यारं. ज्या यंत्रावर तो चालवायचा ते रान, म्हणजे प्लॅटफॉर्म. एक रान काळं, दुसरं मुरमाड. म्हणून प्रत्येक यंत्राला आपला आपला कंपायलर लागतो. पुढे १९९५ साली जावा भाषा आली. तिनं निरनिराळ्या संगणकांवर एकसारखं आभासी यंत्रच बसवलं. जणू सगळीकडं रान सारखं करून घेतलं!

१९६६ साली बाई नौदलातून निवृत्त झाल्या. पण जो तो आपापलं कोबोल वेगळं करू लागला होता. सगळ्यांचं एकसारखं व्हावं, म्हणून नौदलाने १९६७ साली त्यांना परत बोलावलं. शेवटी १९८६ साली, ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. भाषणाला गेल्या की त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची तार दाखवत. वीज आणि प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात फार तर एवढंच अंतर जातात, हे त्यांना समजावायचं असे. म्हणजे आपल्या फूटपट्टीएवढं! शेवटपर्यंत त्या बाईच राहिल्या, शिकवणाऱ्या.

१ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ साली अमेरिकेने त्यांना मरणोत्तर मोठे राष्ट्रीय पदक दिले.

मित्रांनो, इंग्रजी कच्चं आहे म्हणून संगणकाला भिऊ नका, त्यालाही ते येत नाही. आणि पालकांनो, पोरानं घरातलं घड्याळ खोललं तर रागावू नका. एक जुनं घड्याळ त्याला देऊन टाका. पोरीनं खोललं तर तिलाही द्या.