सुटाबुटातला हिशेबनीस वर्ध्याच्या तेलघाण्यापाशी : जे. सी. कुमारप्पा

निमोणे : ऊस कारखान्याला घालायचा की गुऱ्हाळाला, हा हिशेब शिरूर-दौंड पट्ट्यात दर सिझनला होतो. ऐंशी वर्षांपूर्वी वर्ध्यात काम करणाऱ्या एका तमिळ माणसाने तो मांडला, पण एका शेताचा नाही, अख्ख्या देशाचा.

जे. सी. कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ चा, तंजावरचा. आडनाव आधी कॉर्नेलियस. कुमारप्पा हे घराण्यातलं जुनं नाव त्यांनी नंतर घेतलं. लंडनला हिशेब तपासणी शिकले, मुंबईत फर्म चालवली. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकताना इंग्रज राजवटीत कराचा पैसा जातो कुठे, हे त्यांनी शोधून काढलं. १९२९ ला गांधीजी भेटले. सूट गेला, खादी आली. गांधीजींनी लगेच गुजरातच्या मातर तालुक्यातल्या शेतकऱ्यांची मिळकत तपासायला धाडलं.

१९३४ ला ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पा चिटणीस झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणा, हातकागद, गूळ, मधमाश्या असे प्रयोग चालले. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा मगनदिवा इथलाच.

१९४२ च्या चळवळीत तुरुंगवास झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' लिहिलं. मांडणी शेतकऱ्याला चटकन कळेल अशी. कोळसा, पेट्रोल म्हणजे हौदातला साठा; उपसला की संपला, आणि संपत आला की त्यावरून देश लढतात. ऊन, वाहतं पाणी, जंगल ही चालू धार. बेताने घेतली तर पुरते. (बोअरचं पाणी कुठल्या खात्यात धरायचं, ते ज्याचं त्याने बघावं.)

उसाचं तर त्यांनी सालच सोलून दाखवलं. कारखान्याला जाड सालीचा ऊस लागतो, गावच्या चरकाला मऊ सालीचा. म्हणजे शेतात बेणं कुठलं, हे कारखाना ठरवणार. त्यांचा उपाय कडक होता. आधी गावाला लागणारं धान्य, डाळ, भाजी, कापूस. कारखान्याच्या पिकाला परवाना आणि जादा आकार. आपल्याकडे हे आजही कुणाला पचायचं नाही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या जमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते; अहवाल १९४९ ला आला, कुळांची बाजू घेणारा. पण मोठ्या कारखान्यांचा सरकारी रस्ता त्यांना पटला नाही, जुन्या सोबत्यांशी बिनसलं. ट्रॅक्टर, रासायनिक खताला विरोध, म्हणून मागासलेलेही ठरले. लग्न केलं नव्हतं. शेवटची वर्षं मदुराईकडच्या कल्लुपट्टीत गेली. ३० जानेवारी १९६० ला, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते वारले. तेरा वर्षांनी शूमाखर यांचं 'स्मॉल इज ब्युटिफुल' जगभर वाचलं गेलं, त्यात कुमारप्पांचा दाखला आहे.