कै. डॉ. आनंदीबाई जोशी

सन १८६५ मध्यें जन्मलेल्या यमुनेचा नवव्या वर्षीं गोपाळराव जोशी यांच्याशीं विवाह झाला आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षीं झालेला पुत्र दहा दिवसांतच दगावला. पुरुष डॉक्टरांपुढें संकोचानें दुखणें अंगावर काढणाऱ्या बायका त्यांनीं घरोघर पाहिल्या होत्या. स्त्रीनेंच हें शास्त्र शिकल्यावांचून माता व बालकें वांचणार नाहींत, असें त्यांच्या मनानें घेतलें. गोपाळरावांचा स्वभाव अतिशय करडा. परंतु पत्नीचा अभ्यास त्यांनीं कधीं खंडूं दिला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

१८८३ सालीं पतीस मागें ठेवून आनंदीबाई अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाच्या कडक थंडीत प्रकृति खालावत असतांहि त्यांनीं हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला व ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण क्षयानें तें काम हातीं घेऊं दिलें नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला, तेव्हां बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांना परदेशीं लेकीप्रमाणें वागविलें, त्यांच्याकडे रक्षा पाठविण्यांत आली. अमेरिकेंतील पोकिप्सी येथें, त्या कुटुंबाच्या दफनभूमींत, ती विसावली आहे.