डार्विनचा दवबिंदू

१८६० च्या जुलैमध्ये चार्ल्स डार्विन इंग्लंडच्या ससेक्स भागातील हार्टफील्ड या गावी पत्नीच्या बहिणीकडे राहायला गेला. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध होऊन आठच महिने झाले होते आणि पुस्तकावरून वादळ उठले होते. जूनअखेर ऑक्सफर्डला झालेल्या गाजलेल्या वादाच्या वेळी तो तिथे नव्हता, जलोपचार घेत होता. एकावन्न वर्षांच्या या माणसाचे पोट अनेक वर्षे बिघडलेले होते. उलट्या, वायू, थकवा. डॉक्टर बदलून झाले, थंड पाण्याचे उपचार झाले, पण पक्के निदान कोणालाच करता आले नाही. त्यात मुलगी हेन्रिएटाही आजारी होती. हार्टफील्डला जायचे ते विश्रांतीसाठी.

गावाला लागूनच ॲशडाउन फॉरेस्ट आहे. नावात जंगल असले तरी तो बराचसा उघडा, झुडपांचा माळ आहे आणि मधूनमधून पाणथळ जागा आहेत. तिथे त्याला ‘ड्रॉसेरा’, म्हणजे आपण जिला दवबिंदू म्हणतो ती वनस्पती दिसली. जमिनीला टेकलेली नखाएवढी गोल पाने, पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. या पानांना किडे चिकटतात हे आधीही ठाऊक होते. डार्विनला आश्चर्य वाटले ते संख्येचे. त्याने सहज डझनभर रोपे उचलून मोजली. ५६ पूर्ण उघडलेल्या पानांपैकी ३१ पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष होते. योगायोगाने इतके किडे मरत नाहीत.

मग विश्रांती बाजूला राहिली. त्या शरद ऋतूत मुक्काम ईस्टबोर्नला हलला, तिथेही बशांतली रोपे बरोबर होती. पती या रोपाला सजीव प्राण्यासारखे वागवतो आहे आणि बहुधा तो प्राणीच आहे असे सिद्ध करूनच थांबेल, अशी थट्टा एमाने एका पत्रात केली. भूगर्भशास्त्रज्ञ लायेलला डार्विनने कळवले, की जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा आपल्याला सध्या या रोपाची जास्त काळजी आहे. यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण लोक माकडावरून भांडत असताना तो एका पानाला भाजलेले मांस भरवत होता, हे खरे.

प्रयोग साधे होते आणि चिकाटीचे होते. मांसाचा, उकडलेल्या अंड्याचा, चीजचा कण ठेवला, की केस हळूहळू वाकून त्यावर मिटत. पावसाच्या थेंबासारखे पाणी टाकले, तर हालचाल नाही. इंग्लंडच्या पावसात हे रोपाच्या फायद्याचेच. मात्र माणसाच्या केसाचा एक अतिसूक्ष्म तुकडा, वजन मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी, एवढा स्पर्शही त्याला कळे. भारतात सर्पविषावर काम केलेल्या डॉ. फेरर यांच्याकडून नागाचे विष मिळवून तेही पानावर टाकून पाहिले. प्राण्याला मारणारे हे विष रोपाच्या पेशींना मारत नव्हते. उलट त्यांना चेतवत होते.

खरा शोध पचनाचा होता. शिकार सापडली, की पानातून आम्ल स्रवते आणि त्याबरोबर प्रथिने विरघळवणारे द्रव्य येते, जवळजवळ आपल्या जठरातल्या पेप्सिनसारखे. मांस आणि अंड्याचा पांढरा भाग विरघळे. चरबी, पिष्ट, नखे, केस तसेच राहत. आम्लाच्या तपासणीसाठी त्याने रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडची मदत घेतली. बर्डन सँडरसन या शरीरशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये त्याच्या सूचनेवरून ‘व्हीनस फ्लायट्रॅप’चे पान तपासले आणि पान मिटताना प्राण्याच्या स्नायूप्रमाणे त्यातही विद्युत बदल होतात असे दाखवले. ज्याला स्वतःचे जेवण पचत नव्हते, त्याने वनस्पतीला पचनशक्ती असल्याचे पटवून दिले.

इतर कामांमुळे ‘इन्सेक्टिव्होरस प्लांट्स’ हे पुस्तक यायला १८७५ उजाडले. त्यात दवबिंदूखेरीज फ्लायट्रॅप आहे आणि पाण्यात वाढणाऱ्या ‘युट्रिक्युलॅरिया’च्या फुग्यांसारख्या पिशव्याही आहेत. इथे डार्विन चुकला: सूक्ष्म जीव झडप ढकलून स्वतःच आत शिरतात, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात पिशवी त्यांना पाण्यासकट आत ओढून घेते, हे नंतर कळले. कास पठारावर पावसाळ्यात जांभळी चादर पसरणारी ‘सीतेची आसवं’ याच कुळातली. दवबिंदूही तिथे आढळतो.

पण किडे खाऊन रोपाला खरोखर फायदा होतो का? डार्विनने तसे गृहीत धरले होते, पुरावा दिला त्याचा मुलगा फ्रान्सिस याने. त्याने दवबिंदूची सुमारे दोनशे रोपे वाढवली, निम्म्यांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले आणि बाकीची उपाशी ठेवली. उपाशी रोपे जगली. मात्र खाणाऱ्या रोपांना जवळजवळ अडीचपट बिया आल्या आणि बियांचे एकूण वजन जवळजवळ चौपट भरले. १८७८ च्या जानेवारीत हे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा डार्विन हयात होता. १९ एप्रिल १८८२ रोजी, ७३ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

या बापलेकांच्या कामातच दवबिंदूच्या आजच्या अडचणीचे कारण सापडते. ही वनस्पती किडे खाते ती जमीन गरीब असल्यामुळे. उत्तरेकडच्या दलदलीत स्फॅग्नम शेवाळ वाढते, केवळ पावसाचे पाणी पिते आणि भोवताल आम्लयुक्त करते. मेलेले शेवाळ कुजत नाही, त्याचे थर साचून पीट बनते, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. अशा जागी नत्र अगदी कमी. इतर झाडे टिकत नाहीत, म्हणून दवबिंदूला ऊन आणि जागा मिळते.

माणसाने या जागा ‘सुधारल्या’. शेतीसाठी चर खणून पाणी काढले, बागांच्या कुंड्यांसाठी पीट खणून नेले. जिथे दलदल राहिली तिथेही शेतीचा अमोनिया आणि गाड्यांचा धूर हवेतून नत्र आणून टाकतो. स्वीडनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की स्वच्छ हवेच्या जागी दवबिंदू ५७ टक्के नत्र किड्यांतून मिळवत होता. प्रदूषित जागी हे प्रमाण २२ टक्क्यांपर्यंत घसरले. मुळांना आयते मिळू लागल्यावर पानांचा चिकटपणाही कमी होतो. रोपाची उपासमार टळली असे वाटेल, पण याच नत्रावर गवत आणि झुडपे फोफावतात आणि बुटक्या दवबिंदूला सावलीत गाडतात.

म्हणून अशा वनस्पती वाचवणारे लोक रोपांना खतपाणी देत नाहीत. ते जुने चर बांध घालून बुजवतात, पाण्याची पातळी जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येऊ देतात, बर्चची रोपटी उपटतात, जिथे गुरे चरत तिथे पुन्हा गुरे सोडतात. अमेरिकेत कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर, जे फ्लायट्रॅपचे एकमेव नैसर्गिक घर, मुद्दाम आटोक्यातली आग लावतात, कारण वणवे थांबल्यावर झुडपांनी ऊन अडवले. तिथे रोपांची चोरी इतकी वाढली, की २०१४ पासून नॉर्थ कॅरोलायनातील अनेक परगण्यांत तो गंभीर गुन्हा ठरला. मात्र चोर पकडता येतो. वाळलेली दलदल सावरायला पाणी आधी परतावे लागते, मग शेवाळ, आणि दवबिंदूची पाळी सर्वांत शेवटी येते.