एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी : पहिले भारतीय स्क्वाड्रन कमांडर

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शाळांचे फुटबॉल संघ सुब्रतो चषकासाठी मैदानात उतरतात. चषकाचे नाव मुलांच्या तोंडी असते. परंतु हे सुब्रतो कोण, हे विचारले तर मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. ते फुटबॉलपटू म्हणून नव्हे, तर वैमानिक म्हणून प्रसिद्धीस आले.

सुब्रतो मुखर्जी यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कोलकाता येथे झाला. वडील सतीशचंद्र हे आय.सी.एस. अधिकारी, तर आई चारुलता या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. मातुल घराण्यातील इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात लढले. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत दहा विमाने पाडून त्याच महिन्यात त्यांनी रणांगणावर देह ठेवला. तेव्हा सुब्रतो सात वर्षांचे होते.

इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील महाविद्यालयात वैमानिक म्हणून तयार झालेल्या पहिल्या पाच हिंदी तरुणांत त्यांचा समावेश होता. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली, त्याच दिवशी या तरुणांना अधिकारपद मिळाले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिच्याजवळ होती चार वापिटी विमाने! एकावर एक दोन पंखांची, उघड्या बैठकीची ही विमाने त्या काळीही जुनाट समजली जात. पाचांपैकी दोघे सुरुवातीलाच विमान अपघातात मृत्युमुखी पडले. हिंदी माणसाला विमानदल चालवता येईल काय, अशी शंका घेणारे पुष्कळ होते आणि प्रत्येक अपघात त्यांच्या हाती नवे निमित्त देत होता. अशा वातावरणात सहा वर्षे काढल्यावर १६ मार्च १९३९ रोजी या स्क्वाड्रनची सूत्रे मुखर्जींकडे आली. एका स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे ते पहिले भारतीय होत.

स्क्वाड्रनची कामगिरी वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानच्या उजाड डोंगरांत असे. १९४० साली तेथे एक लष्करी ठाणे टोळीवाल्यांनी वेढले आणि आतल्या सैनिकांजवळचा दारूगोळा संपत आला. वरून उडणाऱ्या मुखर्जींना हे कळले. त्यांनी व त्यांचे गनर करतारसिंग यांनी विमानातील बंदुकीच्या गोळ्या सुट्या करून पायांतल्या मोज्यांत भरल्या, आणि गोळीबाराची पर्वा न करता विमान अगदी खाली आणून ते मोजे ठाण्यावर टाकले. बंदूक व रायफल यांची गोळी एकाच मापाची असल्याने ती सैनिकांच्या उपयोगी पडली. एटापल्ली-भामरागडकडील वाचकांना अशा तुटलेल्या ठाण्यावर आकाशातून मदत येण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

अर्थात हे युद्ध साम्राज्याचे होते. ज्यांच्या गावांवर बॉम्ब पडत, ते आपल्याच डोंगरांत राहणारे लोक होते, हेही नजरेआड करणे योग्य नव्हे. परक्या सत्तेची चाकरी करीत स्वदेशाचे हवाई दल घडवावे लागणे, हा त्या पिढीपुढचा पेच होता.

१९४३ मध्ये कोहाट तळाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हवाई तळाचे प्रमुख होणारेही ते पहिले भारतीय. स्वातंत्र्यानंतर ते उपप्रमुखपदी आले, तरी सर्वोच्च पद ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच राहिले. ते लवकर आपल्या हाती यावे यासाठी मुखर्जींनी घाई केली नाही. अनुभवी माणसे पुरेशी तयार होईपर्यंत थांबावे, असा त्यांचा सल्ला होता. स्वतःच्या बढतीच्या विरोधात जाणारा असा सल्ला देणारे अधिकारी विरळाच. अखेर १ एप्रिल १९५४ रोजी ते हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. ज्यांनी वापिटीवर उमेदवारी केली, त्यांच्याच कारकिर्दीत मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा व नॅट ही जेट विमाने दलात दाखल झाली. शालेय फुटबॉलची अखिल भारतीय स्पर्धा ही त्यांचीच कल्पना. ती १९६० साली सुरू झाली.

त्याच वर्षी, ८ नोव्हेंबर रोजी, टोकियो येथे एका मित्रासमवेत भोजन करीत असता घशात घास अडकून त्यांचा मृत्यू झाला. डोंगरकड्यांतून व शत्रूच्या गोळ्यांतून जे सहीसलामत परतले, त्यांचा अंत असा व्हावा! वय अवघे ४९.

१९३९ साली, म्हणजे स्क्वाड्रन हाती आली त्याच वर्षी, त्यांचा विवाह शारदा पंडित यांच्याशी झाला होता. शारदाबाई मराठी घराण्यातील, विजयालक्ष्मी पंडित यांचे पती रणजित पंडित यांच्या पुतणी. पतिनिधनानंतर दोन वर्षांच्या आत, १९६२ च्या निवडणुकीत रत्नागिरीच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले, आणि १९६७ साली पुन्हा निवडून दिले. पुढे त्या आंध्र प्रदेश व गुजरातच्या राज्यपाल झाल्या.