पराभवाने अजरामर केलेला धावपटू : दोरांदो पिएत्री

मॅरेथॉन शर्यतीच्या इतिहासात विजेत्यांची नावे अनेकदा विस्मरणात जातात. मात्र अंतिम रेषा सर्वप्रथम ओलांडूनही सुवर्णपदकाला मुकलेले इटलीचे दोरांदो पिएत्री शतकानंतरही स्मरणात आहेत.

पिएत्री यांचा जन्म १६ ऑक्टोबर १८८५ रोजी उत्तर इटलीतील कोरेज्जोजवळच्या मांद्रिओ या खेड्यात झाला. पुढे त्यांचे कुटुंब कार्पी या गावी स्थलांतरित झाले. तेथे मिठाईच्या एका दुकानात नोकरी करत असतानाच त्यांना धावण्याची गोडी लागली. लहानखुऱ्या बांध्याच्या या तरुणाने अल्पावधीतच इटलीतील लांब पल्ल्याच्या अग्रगण्य धावपटूंमध्ये स्थान मिळवले. १९०६ साली अथेन्स येथे झालेल्या क्रीडा महोत्सवातील मॅरेथॉनमध्ये ते आघाडीवर होते. परंतु पोटाच्या विकारामुळे त्यांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली.

त्यानंतर दोन वर्षांनी, २४ जुलै १९०८ रोजी, लंडन ऑलिंपिकमधील मॅरेथॉन झाली. विंडसर राजवाड्यापासून सुरू झालेली ही शर्यत व्हाइट सिटी क्रीडांगणात, राजघराण्याच्या सज्जासमोर संपणार होती. त्यासाठी २६ मैल आणि ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, इतके अंतर निश्चित करण्यात आले होते. त्यातील ३८५ यार्डांचा अखेरचा टप्पा क्रीडांगणाच्या आत होता.

त्या दिवशी लंडनमध्ये कडक ऊन होते. पिएत्री यांनी सुरुवातीस संयमाने धाव घेतली आणि उत्तरार्धात वेग वाढवला. आघाडीवर असलेले दक्षिण आफ्रिकेचे चार्ल्स हेफरन थकू लागल्याचे समजताच त्यांनी सर्व शक्ती पणाला लावली आणि सुमारे ३९व्या किलोमीटरला हेफरन यांना मागे टाकले. मात्र या पाठलागात त्यांची शक्ती संपुष्टात आली होती.

क्रीडांगणात प्रवेश केला तेव्हा पिएत्री यांना दिशेचे भान उरले नव्हते. अंतिम रेषा कोणत्या बाजूला आहे हे न उमगल्याने ते विरुद्ध दिशेला वळले. पंचांनी त्यांना योग्य मार्ग दाखवला, पण काही पावलांतच ते कोसळले. सावरून उठलेले पिएत्री पुन्हा पुन्हा कोसळत राहिले. प्रेक्षागारातील हजारो लोक श्वास रोखून पाहत असताना अधिकारी आणि डॉक्टर त्यांच्या मदतीला धावले. सुमारे साडेतीनशे मीटरच्या या अखेरच्या टप्प्यासाठी पिएत्री यांना जवळपास दहा मिनिटे लागली. अखेर अधिकाऱ्यांच्या आधाराने त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४६ सेकंदांत अंतिम रेषा पार केली. त्यांच्यापाठोपाठ अवघ्या ३२ सेकंदांनी अमेरिकेचे जॉनी हेज कोणाच्याही मदतीविना तेथे पोहोचले.

अमेरिकेच्या पथकाने तातडीने हरकत घेतली. धावपटूने बाहेरची मदत घेणे नियमबाह्य असल्याने पिएत्री यांना अपात्र ठरवण्यात आले आणि सुवर्णपदक हेज यांना मिळाले. पिएत्री यांनी ही मदत मागितली नव्हती, हे खरे. पण तिच्याविना त्यांना अंतिम रेषा गाठता आली असती, असेही म्हणता येत नव्हते. सहानुभूती आणि नियम यांत पंचांनी नियमाची बाजू घेतली.

दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रा यांनी पिएत्री यांना सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक देऊन गौरवले. वृत्तपत्रासाठी शर्यतीचे वार्तांकन करणारे विख्यात लेखक आर्थर कॉनन डॉईल यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी निधीही उभारण्यात आला. पिएत्री यांना रेषेपर्यंत नेणाऱ्यांत डॉईल होते, असा समज पुढे रूढ झाला. प्रत्यक्षात ते पत्रकार कक्षात होते.

या प्रसिद्धीनंतर पिएत्री व्यावसायिक धावपटू झाले. २५ नोव्हेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मॅरेथॉनच्याच अंतराच्या लढतीत त्यांनी हेज यांचा पराभव केला. मार्च १९०९ मध्ये झालेल्या दुसऱ्या लढतीतही तेच विजयी ठरले. १९१० साली ब्युनोस आयर्स येथे त्यांनी आपली अखेरची मॅरेथॉन धावली आणि पुढील वर्षी वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी निवृत्ती पत्करली. कमावलेला पैसा त्यांनी भावासह हॉटेल व्यवसायात गुंतवला. मात्र त्यात यश आले नाही. नंतर सानरेमो येथे त्यांनी मोटारींचे गॅरेज चालवले. तेथेच ७ फेब्रुवारी १९४२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

लंडनच्या शर्यतीसाठी ठरवलेले ४२.१९५ किलोमीटरचे अंतर १९२१ साली मॅरेथॉनचे अधिकृत अंतर म्हणून स्वीकारण्यात आले. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमधील पूर्ण शर्यतही याच अंतराची आहे. त्यातील अखेरची काहीशे मीटर धावण्यासाठीही शक्ती राखून ठेवावी लागते, याची जाणीव पिएत्री यांची ती दहा मिनिटे आजही करून देतात.