मनोरुग्णांचा पहारेकरी

लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधील पंखधारी धनुर्धराचा पुतळा पर्यटकांना परिचित असतो. तो ज्या कारंजावर आहे, ते १८९३ साली लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या स्मरणार्थ उभारले गेले. गिरण्या आणि खाणींतील बालकामगारांचे कैवारी म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. मनोरुग्णांसाठी त्यांनी तब्बल ५७ वर्षे दिली, हे मात्र फारसे ठाऊक नसते.

अँथनी अ‍ॅशली कूपर यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजी उमराव घराण्यात झाला. ऐश्वर्य होते, पण आईवडिलांच्या मायेला ते पारखेच राहिले. १८२६ साली ते संसदेत गेले. दुसऱ्याच वर्षी लंडनमधील निर्धन मनोरुग्णांच्या चौकशी समितीवर त्यांची नेमणूक झाली. बेथनल ग्रीन येथील खासगी वेडगृहात रुग्णांना शनिवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत गवताच्या बिछान्यावर साखळदंडांनी बांधून ठेवत, हे तेथे उघड झाले. शहाणा माणूसही अशा ठिकाणी कोंडला जाऊ शकत होता आणि त्याची दाद घेणारे कोणी नव्हते.

१८२८ साली कायदा झाला आणि देखरेखीसाठी आयुक्त नेमले गेले. शाफ्ट्सबरी त्यांपैकी एक होते. १८४४ च्या अहवालाने इंग्लंड व वेल्समधील वेडगृहांची दैना चव्हाट्यावर आणली. त्यातून १८४५ चे दोन कायदे जन्मले. एकाने प्रत्येक परगण्यावर मनोरुग्णालयाची सक्ती केली, तर दुसऱ्याने कायम आयोग स्थापला. आयुक्त पूर्वसूचनेविना, रात्रीसुद्धा तपासणीस येऊ शकत. कोणाला बांधून वा कोंडून ठेवले, याची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. या आयोगाचे अध्यक्षपद शाफ्ट्सबरींनी अखेरपर्यंत विनावेतन सांभाळले.

या व्यवस्थेला मर्यादाही होत्या. लंडनबाहेरील खासगी वेडगृहांचे परवाने स्थानिक न्यायाधीशांकडेच राहिले. रुग्णालये फुगत गेली. तपासणाऱ्यांची संख्या मात्र तुटपुंजीच राहिली. तरीही बंद दाराआड काय चालते, हे पाहण्याचा समाजाला अधिकार आहे, हे तत्त्व रुजले.

१ ऑक्टोबर १८८५ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनाचा मान नाकारून त्यांनी आपल्या गावची माती पसंत केली. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसोपचार संस्थांना नोंदणी आणि तपासणी बंधनकारक केली. कायदा कागदावर उतरला, तरी दार ठोठावणारा माणूस लागतोच. शाफ्ट्सबरी यांनी आयुष्यभर ते दार ठोठावले.