पाणबुड्यांचे कैवारी : जॉन स्कॉट हाल्डेन

सोडावॉटरची बाटली एकदम उघडली म्हणजे पाणी कसे फसफसून वर येते, हे विद्यार्थ्यांनी पाहिलेच असेल. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्याच्या रक्तात हाच प्रकार घडतो. पाण्याच्या दाबामुळे श्वासातील नायट्रोजन वायू रक्तात विरघळतो आणि दाब एकाएकी उतरला की त्याचे बुडबुडे होतात. मग सांधे असह्य दुखतात, अंग लुळे पडते, प्रसंगी प्राणही जातो. या संकटावर उपाय शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे जॉन स्कॉट हाल्डेन होत.

त्यांचा जन्म १८६० साली एडिंबरो येथे झाला. वैद्यकाची पदवी घेऊन ते ऑक्सफर्ड येथे संशोधन करू लागले. खाणीतील विषारी वायूंचा परिणाम जाणण्यासाठी ते स्वतःच ते वायू हुंगत. दुसऱ्याला धोक्यात घालण्यापूर्वी तो आपण पत्करावा, असा त्यांचा बाणा होता.

ब्रिटिश आरमारासाठी त्यांनी पाणबुड्यांचा प्रश्न हाती घेतला. लंडनच्या लिस्टर संस्थेत पोलादी कोठीत शेळ्या ठेवून प्रयोग झाले. त्यात काही मुक्या जिवांना प्राणास मुकावे लागले. पुढे १९०६ साली स्कॉटलंडमधील लॉक स्ट्रिव्हन या खाडीत आरमारातील डॅमंट व कॅटो २१० फूट खोल जाऊन सुखरूप परतले. तेथे हाल्डेन यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाण्यात उतरविले. सैल पोशाखात गार पाणी शिरले, तरी तो निभावला. हाच मुलगा पुढे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन म्हणून विख्यात झाला आणि १९५७ साली भारतात येऊन राहिला.

हाल्डेन यांचा नियम असा : प्रथम एकूण दाब निम्मा होईपर्यंत वर यावे, नंतर टप्प्याटप्प्याने थांबावे, आणि पृष्ठभाग जवळ येईल तसतसे अधिक वेळ थांबावे. हे कोष्टक १९०८ साली प्रसिद्ध झाले.

त्याची खरी कसोटी लवकरच लागली. १९१७ साली आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ सुरुंगांनी ‘लॉरेंटिक’ जहाज बुडाले. साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली आणि सोन्याच्या ३,२११ लगडी सुमारे १३० फूट खोल, थंड पाण्यात गेल्या. डॅमंट यांच्या पाणबुड्यांनी १९२४ पर्यंत त्यांपैकी ३,१८६ लगडी वर काढल्या. आणि या कामी एकही पाणबुड्या मृत्युमुखी पडला नाही.

हाल्डेन १९३६ साली निवर्तले. सोने वर आले हे खरेच. परंतु ते काढणारे आपापल्या घरी परतले, ही त्याहून मोठी प्राप्ती होय. खाली उतरण्यास धैर्य लागते, तितकाच वर येताना संयम लागतो, हे त्यांनी जगास शिकविले.